हिस्पॅनिक-लॅटिनो लोकांचा आहार आणि हृदयविकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहारशास्त्र शिकवताना हा विषय निघाला की ठरावीक शंका हमखास येतात. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या असतात. शेजारी मेक्सिकन, ऑफिसात क्यूबन, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळे मिळून टाको खायला. ‘त्यांचं जेवण आपल्यासारखंच दिसतं की, भात, राजमा, मिरची, मग त्यांना हृदयविकार जास्त का होतो?’ असं कुणीतरी विचारतं. या प्रश्नात ‘जास्त होतो’ हे गृहीतच धरलेलं असतं, आणि खरा गुंता तिथेच आहे.

हिस्पॅनिक आणि लॅटिनो म्हणजे नेमके कोण?

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी नातं असलेले ते हिस्पॅनिक, लॅटिन अमेरिकेशी नातं असलेले ते लॅटिनो. ब्राझीलचा माणूस पोर्तुगीज बोलतो म्हणून फक्त लॅटिनो. स्पेनचा माणूस फक्त हिस्पॅनिक. अमेरिकेच्या जनगणनेत दोघांसाठी एकच प्रश्न असतो. २०२० मध्ये ही संख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे देशाच्या १८.७ टक्के. त्यात निम्म्याहून जास्त मूळचे मेक्सिकोचे.

या एका रकान्यात मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातून शेतमजुरीला आलेला आदिवासी आहे, मायामीत तीन पिढ्या धंदा करणारं क्यूबन कुटुंब आहे आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली डॉमिनिकन नर्सही आहे. एकाच्या घरी रोज मका, दुसऱ्याच्या घरी रोज भात. ‘हिस्पॅनिक आहार’ असा एकवचनी शब्द कुठे वाचलात तर पुढचं जरा जपून वाचा.

इतक्या वेगवेगळ्या लोकांचा एकत्र अभ्यास कुणी केला आहे का?

हो, आणि चांगला केला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो या चार ठिकाणी १८ ते ७४ वयाचे १६,४१५ लोक निवडले. त्याचं नाव ‘हिस्पॅनिक कम्युनिटी हेल्थ स्टडी / स्टडी ऑफ लॅटिनोज’. क्यूबन, डॉमिनिकन, मेक्सिकन, पोर्तो रिकन, मध्य अमेरिकन आणि दक्षिण अमेरिकन असे गट पहिल्यापासून वेगळे ठेवले. आदल्या चोवीस तासांत काय काय खाल्लं, हे प्रत्येकाला दोनदा विचारलं.

गट वेगळे ठेवल्याचा फायदा लगेच दिसला. मधुमेहाचंच घ्या. सगळ्यांची सरासरी काढली तर सुमारे १७ टक्के. पण दक्षिण अमेरिकन गटात १०.२ टक्के आणि मेक्सिकन गटात १८.३ टक्के. जवळजवळ दुपटीचा फरक सरासरीच्या पोटात दडलेला होता. धूम्रपानाचंही तसंच: पोर्तो रिकन पुरुषांत आणि बायकांतही साधारण तिघांत एक जण ओढणारा, डॉमिनिकनांमध्ये प्रमाण त्याच्या कितीतरी खाली.

उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, मधुमेह आणि धूम्रपान यांपैकी निदान एक तरी गोष्ट ८० टक्के पुरुषांत आणि ७१ टक्के स्त्रियांत सापडली. हे आकडे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बातम्यांत फक्त तेवढेच आले. मला त्याहून गंभीर वाटतो तो दुसरा आकडा: ज्यांना मधुमेह होता त्यांच्यातल्या सुमारे ४१ टक्क्यांना तो असल्याचं माहीतच नव्हतं, आणि जवळजवळ निम्म्यांकडे आरोग्य विमा नव्हता. ताटाबद्दल बोलताना हे विसरलं की सगळा दोष स्वयंपाकघरावर जातो.

मग त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त की कमी?

दोन्ही उत्तरं छापलेली सापडतील.

१९८६ मध्ये मार्कीडीस आणि कोरील या दोघा संशोधकांनी एक कोडं मांडलं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचे हिस्पॅनिक गरीब, शिक्षण कमी, डॉक्टरकडे जाणं कमी, मधुमेह जास्त. तरी त्यांचं मृत्यूचं प्रमाण गोऱ्या लोकांच्या जवळपासच किंवा कमी. याला पुढे ‘हिस्पॅनिक पॅराडॉक्स’ नाव पडलं. २०१३ मध्ये ५८ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हाही हिस्पॅनिकांचा मृत्यूचा धोका सुमारे १७.५ टक्के कमी निघाला. २०१९ मध्ये त्यांचं सरासरी आयुर्मान ८२ वर्षांच्या आसपास होतं, गोऱ्यांचं ७९ च्या.

स्पष्टीकरणं अनेक आहेत. स्थलांतर करतो तो मुळात धडधाकट असतो, हे एक. आजारी पडलेला माणूस मरायला गावी परततो आणि त्याचा मृत्यू अमेरिकेच्या नोंदीत येत नाही, हे दुसरं. हे दुसरं मोठं चलाख आहे, पण त्याला छेद देणारा दाखला आहे: क्यूबन माणसाला परतण्याची सोय नव्हती, आणि पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग असल्याने तिथले मृत्यू अमेरिकेच्या नोंदीतच येतात. तरीही कोडं काही सुटलं नाही. कमी धूम्रपान हे कारण मला सगळ्यात भक्कम वाटतं; मेक्सिकन लोक ओढतात कमी, आणि ओढलं तरी दिवसाला मोजक्या सिगारेटी.

उलट बाजूही आहे. टेक्ससमधल्या कॉर्पस क्रिस्टी शहरात रुग्णालयांच्या नोंदी थेट तपासल्या, तेव्हा हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण मेक्सिकन अमेरिकनांत गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं. मृत्यूच्या दाखल्यावरून मोजायचं की रुग्णालयाच्या खाटेवरून, यावर उत्तर बदलतं. आणि २०२० साली कोविडने हिस्पॅनिकांचं आयुर्मान एका वर्षात तीन-चार वर्षांनी खाली ओढलं. तेव्हा ‘त्यांना निसर्गाचं कवच आहे’ असं कुणी म्हणत असेल तर सोडून द्या.

त्यांचा पारंपरिक आहार असतो तरी कसा?

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत सगळं मक्यावर उभं आहे. मका नुसता दळत नाहीत. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे आणि रात्रभर त्यातच ठेवायचे. सकाळी दाण्याची साल बोटाने चोळली तरी सुटते, पाणी पिवळं आणि बुळबुळीत झालेलं असतं. ते ओतून दाणे धुवायचे आणि ओलेच वाटायचे. वाटायला दगडी मेताते असतं. दिसायला थेट आपला पाटा-वरवंटा, फक्त तीन पायांवर उभा. त्या पिठाची हातावर थापलेली तोर्तिया तव्यावर भाजायची, तेलाचा थेंब नाही. चुन्यामुळे भाकरीत कॅल्शियम येतं आणि मक्यातलं एरवी अडकून राहणारं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपने मका नेला पण चुना नेला नाही, म्हणून तिथल्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग पसरला. सोबत घेवड्याच्या जातीचे दाणे म्हणजे बीन्स (पुढे ‘दाणे’ म्हणजे हेच, शेंगदाणे नव्हेत), भोपळा, मिरची, टोमॅटो, नोपाल म्हणजे निवडुंगाची पानं. मांस सणावारी.

कॅरिबियन बेटांवर चित्र वेगळं. तिथे भात आहे, साधा नाही तर चांगला परतलेला. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, कोथिंबिरीसारखी कुलांत्रो यांचं वाटण तेलात परततात, त्याला सोफ्रितो म्हणतात. त्यात तांदूळ आणि दाणे. पोर्तो रिकोत नाताळाला जो भात हवाच हवा, त्यात ओल्या तुरीचे दाणे असतात. विदर्भात ज्यांना सोले म्हणतात तेच. तूर मूळची भारतातली, आफ्रिकेमार्गे तिकडे पोचली. त्या बदल्यात म्हणा हवं तर, राजमा, मिरची, टोमॅटो, बटाटा आणि चिकू तिकडचे. पोर्तुगीज गलबतांमुळे यातलं बरंच काही गोव्याच्या किनाऱ्याला आधी लागलं. भाताच्या तळाशी धरलेल्या खरवडीवरून डॉमिनिकन घरात पोरांची भांडणं होतात. आणि भाजीची केळी: कापून एकदा तळायची, दाबून चपटी करायची, पुन्हा तळायची. याला तोस्तोनेस म्हणतात. तेल किती लागतं याचा अंदाज तुम्हीच करा.

दक्षिणेत अँडीज पर्वतात बटाटा आणि किन्वा, अर्जेंटिनात गोमांस, पेरूच्या किनाऱ्यावर लिंबात मुरवलेली मासळी.

म्हणजे पारंपरिक खाल्लं की हृदय सुरक्षित, असं म्हणता येईल?

नाही, आणि आहारावर लिहिणारे सगळ्यात जास्त घसरतात ते इथेच.

बोस्टनमध्ये राहणाऱ्या ४५ ते ७५ वयाच्या सुमारे दीड हजार पोर्तो रिकन लोकांचा अभ्यास झाला. त्यांच्या खाण्याचे तीन ढोबळ साचे निघाले: मांस आणि फ्रेंच फ्राइज, भात-दाणे-तेल असा पारंपरिक, आणि गोडाधोडाचा. मांस-फ्राइजवाल्यांचा रक्तदाब आणि कमरेचा घेर वाढलेला होता, यात नवल नाही. पण पारंपरिक ताटवाल्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी निघालं आणि चयापचयाच्या गडबडींचा समूह, ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तो त्यांच्यात जास्त आढळला. आजीच्या हातचं जेवण! कारणाचा माझा अंदाज असा. ताटात पांढऱ्या भाताचा डोंगर, त्यावर सढळ तेल, आणि दाणे नावापुरते. शेतात राबणाऱ्या आजोबांना ते पचत होतं. बोस्टनच्या थंडीत चौथ्या मजल्यावर बसून राहणाऱ्या निवृत्त माणसाला पचत नाही.

याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवा. मेक्सिकन वंशाच्या ५३ निरोगी स्त्रियांना २४ दिवस पारंपरिक मेक्सिकन जेवण आणि २४ दिवस नेहमीचं अमेरिकन जेवण दिलं. कॅलरी वजन टिकेल इतक्याच. मेक्सिकन जेवणावर त्यांच्या रक्तातलं इन्सुलिन सुमारे १४ टक्के कमी भरलं, आणि इथे कमी म्हणजे चांगलं. हा खाऊ घालून केलेला प्रयोग आहे, नुसती विचारपूस नव्हे, म्हणून त्याला वजन जास्त. त्या जेवणात मक्याची तोर्तिया, दाणे, भाज्या, फळं होती.

दोन्ही ताटं ‘पारंपरिक’च. एकात दाणे भरपूर, एकात भात भरपूर. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, परंपरा बाजूला ठेवा आणि प्रमाण विचारा.

भात-राजम्याचं प्रमाण इतकं महत्त्वाचं आहे?

कोस्टा रिका या छोट्या देशाने याचं बरंच उत्तर दिलं आहे. तिथलं रोजचं जेवण म्हणजे ‘गायो पिंटो’, काळ्या राजम्याचा परतलेला भात, तोही नाश्त्याला. १९९४ ते २००४ या काळात हृदयविकाराचा पहिला झटका येऊन वाचलेले लोक आणि त्यांच्याच परिसरातले निरोगी लोक यांच्या खाण्याची तुलना केली. रोज साधारण एक तृतीयांश कप शिजलेला राजमा खाणाऱ्यांत झटक्याची शक्यता ३८ टक्के कमी दिसली. त्याहून जास्त राजमा खाऊन आणखी फायदा दिसला नाही, म्हणजे पातेलंभर खायची गरज नाही.

पुढे त्याच देशातल्या माहितीवरून असंही दिसलं की भात वाढत जातो आणि राजमा आटत जातो तसा मेटाबॉलिक सिंड्रोम वाढतो. भाताच्या मानाने राजमा जास्त असेल तर धोका कमी. हा असा पुरावा आहे ज्यातून कारण सिद्ध होत नाही, राजमा खाणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. पण दाण्यांतला चोथा, म्हणजे फायबर, कोलेस्टेरॉल कमी करतो आणि साखर हळू चढू देतो, हे वेगळ्या प्रयोगांतून पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे मला हा निष्कर्ष पटतो. वरणभातातलं वरण पातळ होत गेलेल्या प्रत्येक घराला तो लागू आहे.

अमेरिकेत गेल्यावर काय बदलतं?

पहिल्या पिढीत दाणे, फळं आणि चोथा टिकून असतो. मुलं तिथे जन्मली, शाळेतलं जेवण आलं, दोघे आईवडील दोन-दोन पाळ्यांत कामाला गेले की मक्याच्या तोर्तियाची जागा मैद्याची घेते, घरच्या पाणीदार सरबताची जागा बाटली घेते, आणि दाणे डब्यातून येतात. वर सांगितलेल्या मोठ्या अभ्यासातल्या लोकांच्या खाण्याचेही साचे काढले, तेव्हा पांढरा भात-दाणे-लाल मांस असा एक निघाला आणि बर्गर-फ्राइज-सॉफ्ट ड्रिंक असा दुसरा. लठ्ठपणाशी नातं दिसलं ते दुसऱ्याचं.

सगळं बिघडतंच असं नाही. स्थिरस्थावर झालेल्या, शिकलेल्या कुटुंबांत भाज्या-फळं वाढतात, तळण कमी होतं. ‘अमेरिकनीकरण वाईट’ हे सूत्र सोपं आहे, पण पैसा, वेळ आणि जवळ कोणतं दुकान आहे याचा हिशेब त्यात येत नाही.

गोड पेयांचं काय?

हा विषय मेक्सिकोशिवाय पुरा होत नाही. तिथे चार प्रौढांतल्या जवळपास तिघांचं वजन जास्त आहे किंवा ते लठ्ठ आहेत. १ जानेवारी २०१४ पासून तिथल्या सरकारने साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, शिवाय जास्त कॅलरीच्या बिगरगरजेच्या खाऊवर ८ टक्के. पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, डिसेंबरपर्यंत घट १२ टक्क्यांवर गेली, आणि ती सगळ्यात जास्त गरीब घरांत होती. विरोधकांचा मुद्दा असा की कर गरिबांच्याच खिशातून जातो. खरं आहे, पण मधुमेहामुळे जाणारे पायही बहुतेक गरिबांचेच असतात.

चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आणले: ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’. मेक्सिकोने २०२० मध्ये तेच केलं. आकडे वाचायचे नाहीत, चष्मा शोधायचा नाही, शिक्के मोजायचे. पाकिटावरून वाघ, ससे, कार्टूनही गेले. मार्च २०२५ पासून मेक्सिकोच्या शाळांत असे शिक्के असलेला खाऊ विकायला बंदी आहे. आपल्याकडे अशा ठळक शिक्क्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे.

डुकराची चरबी वापरतात, तीच मुख्य दोषी ना?

तितकी नाही. लार्डमध्ये, म्हणजे या चरबीत, संतृप्त मेद साधारण ४० टक्के, पाम तेलात सुमारे ५० टक्के, आणि आपल्या साजूक तुपात ६० टक्क्यांच्या वर. त्यामुळे लार्डला नाकं मुरडून वर तुपाची धार सोडणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. कोस्टा रिकात घरोघरी पाम तेल असे, नंतर सोयाबीन तेल आलं. पाम तेल वापरणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके सोयाबीनवाल्यांपेक्षा जास्त आढळले. गावाकडे लार्ड चमचाभर पडत असे. तळणाच्या कढईतलं तेल मोजलं जात नाही.

शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट, हृदयाशी संबंध नसला तरी: अनेक हॉटेलांत रिफ्राइड बीन्स लार्डवर परततात आणि ‘मेक्सिकन राइस’ कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. विचारून घ्या.

हे सगळं जनुकांमुळे आहे का?

थोडं आहे. २०१४ मध्ये एसएलसी-१६-ए-११ या जनुकाचा एक प्रकार सापडला. मूळ अमेरिकी वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत तो असतो, युरोपियनांत क्वचित, आणि एका प्रतीमागे मधुमेहाचा धोका साधारण २५ टक्के वाढवतो. तो निअँडरथल माणसाकडून आलेला आहे, ही आपली गंमत म्हणून. यकृतात चरबी साठण्याकडे ओढणारा पीएनपीएलए-३ चा प्रकारही हिस्पॅनिकांत बराच आढळतो.

पण पिमा आदिवासींचं उदाहरण समोर ठेवलं की जनुकांचा दोष आपोआप आटोक्यात येतो. एकाच कुळाचे लोक, काही अमेरिकेत ॲरिझोनात, काही सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा डोंगरात. ॲरिझोनातल्यांत मधुमेह ३८ टक्के, डोंगरातल्यांत ६.९ टक्के. डोंगरातले मका, दाणे, बटाटे खात होते आणि शेतात राबत होते.

बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांवरचा २०१७ चा अभ्यासही याच रांगेतला. चाळिशीपुढच्या ७०५ जणांचे स्कॅन काढले, तर ८५ टक्क्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचा कण नाही (तिथे कॅल्शियम साचणं ही हृदयविकाराची खूण). जेवणात भात, केळी, कसावा, मका. म्हणजे ७० टक्क्यांहून जास्त कॅलरी पिष्टमय. त्यांच्यातले पुरुष दिवसातले सहा-सात तास अंगमेहनत करतात, धूम्रपान नगण्य. हे वाचून ‘मग आम्हीही भात खातो’ म्हणणाऱ्यांनी आधी सहा तास नांगर धरावा.

क्यूबाची गोष्ट नेहमी सांगतात, ती काय आहे?

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाचं पेट्रोल आणि धान्य दोन्ही आटलं. बस बंद पडल्या. सरकारने चीनहून दहा लाखांवर सायकली आणून वाटल्या. रेशनवर साखर, भात आणि थोडेसे दाणे. पुढच्या चार-पाच वर्षांत प्रौढांचं वजन सरासरी पाच-साडेपाच किलोने उतरलं. आख्खा देश एकदम बारीक झाला, असं दुसरं उदाहरण जवळपास नाही. १९९६ ते २००२ या काळात हृदयविकाराचे मृत्यू दरवर्षी साडेसहा टक्क्यांनी घटत गेले, मधुमेहाचेही घटले. मग अन्न परत आलं, सायकली अंगणात गंजल्या, वजन परतलं. २०१० मध्ये निम्म्याहून अधिक लोकांचं वजन प्रमाणाबाहेर होतं, मधुमेह वाढला आणि मृत्यूंमधली घट मंदावून वर्षाला दीड टक्क्याच्याही खाली आली.

‘उपाशी राहा, हृदय वाचवा’ असा अर्थ काढणारे लेख मी वाचले आहेत. ते त्याच काळातली दुसरी घटना सांगत नाहीत. १९९२-९३ मध्ये पन्नास हजारांहून जास्त क्यूबन लोकांच्या डोळ्यांच्या आणि हातापायांच्या नसा बिघडल्या, कारण जेवणात बी जीवनसत्त्वं उरली नव्हती, शिवाय तंबाखूची भर. शिवाय सिगारेटीही त्या काळात कमी झाल्या होत्या, तेव्हा सगळं श्रेय वजनाला देता येत नाही.

स्पेनमध्ये तर ऑलिव्ह तेलाने हृदय वाचतं म्हणतात. तेही हिस्पॅनिकच ना?

ते ताट भूमध्य समुद्राकाठचं. ‘प्रेडिमेड’ नावाच्या स्पॅनिश प्रयोगात ७,४४७ लोक होते. ज्यांना ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा दिला त्यांच्यात हृदय-मेंदूचे झटके सुमारे ३० टक्के कमी निघाले. काही केंद्रांत लोकांची विभागणी नियमानुसार झाली नव्हती म्हणून २०१८ मध्ये तो निबंध मागे घेतला आणि हिशेब पुन्हा करून छापला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. ग्वातेमालाच्या मजुराला त्यावरून ऑलिव्ह तेल घ्यायला सांगणं मात्र विनोदी आहे. त्याच्याकडे ॲव्होकॅडो, भोपळ्याच्या बिया आणि दाणे आधीच आहेत.

आपली आणि त्यांची तुलना कधी झाली आहे का?

झाली आहे, आणि ती आपल्या बाजूने नाही. २०१० पासून सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि शिकागो इथल्या दक्षिण आशियाई लोकांचा ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू आहे. नाव खरंच मसाला आहे. त्याची आधीच्या ‘मेसा’ या बहुवंशीय अभ्यासाशी तुलना केली, तर वयाचा फरक काढून टाकल्यावर मधुमेह लॅटिनोंत १७ टक्के, गोऱ्यांत ६ आणि दक्षिण आशियाईंत २३. तेही आपलं वजन त्यांच्यापेक्षा कमी असताना. तळलेले पदार्थ, मिठाया आणि सायीचं दूध-दही या साच्यात खाणाऱ्यांत इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची लक्षणं जास्त होती आणि एचडीएल कमी. फरसाण आणि तोस्तोनेस, दोघांना एकाच तराजूत घाला.

मेक्सिकन हॉटेलात काय मागवावं?

मक्याच्या छोट्या तोर्तियाचे टाको, आत भाजलेली मासळी, चिकन किंवा नोपाल. छोट्या तोर्तियात पन्नास-साठ कॅलरी. बरिटोच्या मैद्याच्या मोठ्या पोळीत आत काही भरायच्या आधीच तीनशेच्या आसपास. अख्खे काळे दाणे असतील तर तेच घ्या. पिको दे गायो म्हणजे जवळजवळ आपली कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, ती हवी तेवढी खा. जेवणाआधी टोपलीभर चिप्स फुकट येतात, तिथेच अर्धं जेवण होतं. टोपली परत पाठवायला लाजू नका. ओर्चाता हे तांदळाचं गोड पेय चविष्ट आहे, पण साखर पाहून घ्या. चीज सगळीकडे वितळवून ओततात ती टेक्ससची करामत, ओआहाकाची नाही.

सुनेचे वडील पोर्तो रिकन आहेत, त्यांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली. घरच्या जेवणात काय बदलू?

आधी त्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमाने चालू आहेत ना, ते बघा. आहार त्यांची जागा घेत नाही. मग जेवण तेच ठेवा. भाताची वाढणी निम्मी करा, दाण्यांची दुप्पट. केळी दोनदा तळण्याऐवजी हिरवी उकडा किंवा ओव्हनमध्ये भाजा. सोफ्रितोला हात लावू नका. चव त्यातच आहे आणि त्यात भाज्याच आहेत, तेल मात्र चमच्याने मोजून घाला. डबाबंद दाणे चाळणीत ओतून नळाखाली धुतले तर मीठ सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं.

खरं मीठ लपलेलं असतं सासोन आणि आदोबो या तयार मसाल्यांच्या पुड्यांत आणि रश्शात टाकायच्या वड्यांत. त्या थांबवा; घरी लसूण, ओरेगानो, मिरी, हळद मिसळून ठेवा. त्याऐवजी दुकानात मिळणारं पोटॅशियमवालं मीठ आणायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं.